भोपळ्यात कोण आहे, हे वाघाला ठाऊक आहे का?

जेवणाची सुट्टी संपली, ताटं धुऊन झाली की आमच्या शाळेतली पहिली-दुसरीची मुलं सतरंजीवर येऊन बसतात आणि मी त्यांना पुस्तकातली गोष्ट वाचून दाखवते. वीस मिनिटं, रोज. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण सगळ्यांना ते पटतंच असं नाही. नातवाला सोडायला येणारे एक आजोबा मला म्हणाले होते, "बाई, गोष्टी तर आमची म्हातारीबी सांगती. तुम्ही पोरांना वाचायला कधी शिकवणार?"

प्रश्न अगदी रास्त आहे. शाळेचा वेळ मोजका असतो. आमची शाळा अकोले तालुक्यातली, डोंगराच्या कुशीतली, दोन शिक्षकांची, चौथीपर्यंतची. वस्ती महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांची. भात, नागली, हिरडा यांवर वर्ष निघतं, आणि ज्यांचं निघत नाही ती घरं पावसाळा सरला की कामासाठी नारायणगावच्या बाजूला जातात, पोरांना घेऊन. अशा मुलाच्या वाट्याला येणारी वीस मिनिटं मी गोष्टीला देते, तर त्याचं कारण मला सांगता आलं पाहिजे.

दुसरी संपत आली की बरीच मुलं अक्षरं, काना-मात्रा, बरीचशी जोडाक्षरंही ओळखतात. मी फळ्यावर एक वाक्य लिहिते : 'पावसाची चाहूल लागताच मुंग्यांनी आपली अंडी उंचावर नेली.' एक मुलगी उठते आणि बोट ठेवत सगळं वाक्य बरोबर वाचते. एकही अक्षर चुकत नाही. मी विचारते, "मुंग्यांनी अंडी का नेली गं?" ती फळ्याकडे बघते आणि तेच वाक्य पुन्हा वाचून दाखवते. तिच्याकडे दुसरं उत्तर नसतं.

आता गंमत अशी की, पाऊस येण्याआधी मुंग्या तोंडात पांढरी अंडी धरून भिंतीवर चढतात, हे तिनं माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. तिच्या घरच्या बोलीत विचारलं तर ती मलाच समजावून सांगेल. ज्ञान आहे, अक्षरओळखही आहे, तरी अर्थ लागत नाही. कारण एक तर तिची सगळी ताकद अक्षरं जुळवण्यात खर्च होते. 'नेली'पर्यंत पोचेतो 'पावसाची' मागे पडलेलं असतं. दुसरं, 'चाहूल' हा शब्द तिच्या कानावर कधी पडलेला नाही. आणि तिसरं, ज्याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही : 'लागताच' अशी वाक्याची बांधणी तिच्या घरात कुणी वापरत नाही. पुस्तकात 'म्हातारी रोज रानात जात असे' असं छापलेलं असतं. बोलताना असं कोण म्हणतं? छापील मराठी ही आमच्या मुलांसाठी ओळखीच्या भाषेची अनोळखी बहीण आहे. तिची सवय आधी कानाला व्हावी लागते.

वाचनाच्या अभ्यासकांनी हे फार सोप्या रीतीनं मांडलंय. १९८६ साली फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोघांनी म्हटलं की, समजून वाचणं म्हणजे एक गुणाकार आहे : अक्षरांवरून शब्द उलगडण्याचं कौशल्य गुणिले ऐकलेली भाषा समजण्याची क्षमता. बेरीज नव्हे, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. अक्षरं न शिकवता नुसत्या गोष्टी वाचत बसलं तर मूल वाचायला शिकणार नाही, हे मी आजोबांना कबूल करते. सकाळचे दोन तास आमचे अक्षरं, शब्द, लेखन यांतच जातात. पण गुणाकारातला दुसरा आकडा वाढवायचा कशानं? पहिलीतलं मूल स्वतः वाचून तो वाढवू शकत नाही, कारण त्याला जे वाचता येतं ते 'कमल नमन कर'च्या पुढे फारसं गेलेलं नसतं. त्याची समज त्याच्या वाचनाच्या कितीतरी पुढे असते. साधारण सातवी-आठवीपर्यंत मुलांना वाचून समजतं त्यापेक्षा ऐकून जास्त समजतं, असं अभ्यासक सांगत आलेत. त्या काळात मोठ्यानं वाचून दाखवणारं माणूस हाच त्याचा पुस्तकात शिरायचा रस्ता.

आजीच्या गोष्टीचं काय मग? ती हवीच. मूल ऐकून घ्यायला, पुढं काय होईल याचा अंदाज बांधायला आजीपाशीच शिकतं, आणि तेही स्वतःच्या भाषेत. गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक चौथीच्या गोंगाट करणाऱ्या वर्गात पहिल्यांदा यशस्वी होतो तो गोष्ट सांगूनच. गिजुभाई आणि ताराबाई मोडकांनी बालशिक्षणात गोष्टीला जे स्थान दिलं, त्या वाटेवर आम्ही आज चालतो. पण गोष्ट सांगणं आणि गोष्ट वाचून दाखवणं या दोन वेगळ्या कृती आहेत आणि शाळेनं दुसरी सोडता कामा नये. सांगताना मी मुलांचे चेहरे बघून वाक्यं सोपी करते. वाचताना पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं त्यांच्या कानात जातं, 'जात असे'सकट, 'लागताच'सकट. शिवाय मुलांना दिसतं की गोष्ट बाईंच्या डोक्यातून नाही, या काळ्या खुणांमधून येतेय, आणि उद्या पान तेच उघडलं तर शब्दही तेच निघतील.

डी.एड.ला आम्हाला प्रकट वाचन, आदर्श वाचन, अनुवाचन असे प्रकार शिकवले होते. आदर्श वाचनात शिक्षकानं स्पष्ट उच्चार करत, विरामचिन्हं सांभाळत वाचायचं आणि मुलांनी ऐकायचं. ते हवं, वाक्य कुठं थांबतं आणि कुठं वळतं हे मूल त्यातूनच शिकतं. पण आकलनासाठी वाचायचं तर मुलांनी मध्ये बोललं पाहिजे. आणि त्यांनी बोलावं यासाठी शिक्षकाला आधी तयारी करावी लागते. मी पुस्तक आदल्या संध्याकाळी स्वतः वाचते आणि दोन-तीन जागी पेन्सिलीनं बारीक खूण करते. तिथं थांबायचं. त्याहून जास्त वेळा थांबलं तर गोष्टीचा जीव जातो.

थांबायचं कुठं, हे म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीवरून सांगते, कारण ती सगळ्यांनाच माहीत आहे. म्हातारी लेकीकडे निघालीय, रानात वाघ भेटतो, खायला धावतो. ती म्हणते, लेकीकडे जाऊन खाऊन-पिऊन जाडजूड होऊन येते, मग मला खा. वाघ तिला सोडून देतो. परतताना ती भोपळ्यात बसून येते आणि वाघाच्या समोरून निसटते.

वाचून झाल्यावर "म्हातारीला कोण भेटलं?" असं विचारलं की सगळा वर्ग ओरडतो, "वाघ!" ऐकायला छान वाटतं, पण त्यातून समज कळत नाही. मी पहिल्या खुणेपाशी थांबून विचारते, "वाघानं तिला का सोडलं?" पहिलीतली बरीच मुलं म्हणतात, "त्याला दया आली." हे उत्तर गोष्टीत कुठंच नाही, ते मुलांच्या मनातून आलंय. दुसरीतलं कुणीतरी म्हणतं, "नाय, ती आता बारीक हाय. नुसती हाडं. मग जाड झाली की जास्त मटण." वर्ग हसतो, पण आता सगळ्यांना वाघाचा हिशेब कळलेला असतो. हा हिशेब लेखकानं सांगितलेला नसतो. ऐकणाऱ्यानं तो दोन वाक्यांमधून काढायचा असतो. आकलन म्हणतात ते मुख्यतः हेच.

दुसरी खूण परतीच्या वाटेवर. वाघ भोपळ्याला विचारतोय, म्हातारीला पाहिलंस का? इथं माझा प्रश्न असतो : "भोपळ्यात कोण आहे, हे वाघाला ठाऊक आहे का?" लहान मुलं ठामपणे म्हणतात, "हो! म्हातारी हाय ना आत." कारण त्यांना स्वतःला ते ठाऊक आहे. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला ठाऊक नसू शकते, ही फार मोठी पायरी आहे, आणि ती चढल्याशिवाय या गोष्टीतली खरी मजा कळतच नाही. गेल्या वर्षी एका मुलीनं यावर सतरंजीवरच वाघ होऊन दाखवलं. तिनं मला सांगितलं, तुम्ही दप्तरामागं लपा. मग वर्गाकडे वळून म्हणाली, "आता मला दिसतंय का बाई कुठं हायत?" तिनं जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत समजावू शकले नसते.

प्रश्न विचारल्यावर गप्प बसणं हेही कौशल्य आहे. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांची निरीक्षणं करून दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम सेकंदभर थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब होतात आणि जास्त मुलं बोलायला लागतात. तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात. वर्गासमोर उभं राहून मोजून बघावेत. आमच्याकडे तर मुलाला उत्तर आधी घरच्या बोलीत सुचतं, मग ते शाळेच्या भाषेत आणायचं असतं. मी ती अट काढून टाकलीय. उत्तर कुठल्याही बोलीत द्या. समजलंय का हे मला बघायचंय, आणि प्रमाण भाषा तर पुस्तक ऐकवतंच आहे.

चित्रांबद्दल एक गोष्ट मला इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅककोन यांच्या कामामुळे कळली. त्यांच्या लक्षात आलं होतं की प्रश्न विचारला की लहान मुलं ऐकलेल्या मजकुराकडे न जाता चित्राकडे बघून किंवा स्वतःच्या अनुभवातून उत्तर देतात. वाघाला दया आली, तसंच. म्हणून त्यांनी सुचवलं की मजकूर आधी वाचावा, त्यावर बोलावं आणि चित्र नंतर दाखवावं. मी प्रत्येक पानाला हे करत नाही. चित्रांच्या पुस्तकात चित्र हा गोष्टीचा निम्मा भाग असतो आणि मुलांना तो मनसोक्त बघू द्यायला हवा. पण जिथं खूण केलेली असते, ते पान मी माझ्याकडे धरून वाचते. मुलं मान उंच करतात, चुळबुळतात, आणि मग शब्दांवरून चित्र स्वतः रचू लागतात. नंतर पुस्तक वळवलं की वाद सुरू : "माझा वाघ झाडाखाली होता!"

शब्दांचं मी फार नाजूकपणे करते. प्रत्येक कठीण शब्दापाशी थांबून अर्थ विचारणं म्हणजे गोष्टीला शंभर ठिकाणी गाठी मारणं. एका पुस्तकातून मी तीनच शब्द निवडते. 'सिंहासन' वगैरे नाही. ते चित्रात दिसतं. मी असे निवडते जे मुलांना पुढं दहा पुस्तकांत भेटतील : चाहूल, हिरमुसणे, नाइलाज. वाचता वाचता एका श्वासात अर्थ सांगून टाकते, "हिरमुसला, म्हणजे तोंड एवढंसं झालं त्याचं", आणि पुढं जाते. पण खरं काम त्यानंतर आहे. खिचडीला उशीर झाला तर मी म्हणते, "आज सगळे हिरमुसलेत वाटतं." आवणीच्या दिवसांत निम्मा वर्ग घरी लहान भावंडं सांभाळायला थांबतो, दुसऱ्या दिवशी मुलं कारण सांगतात तेव्हा मी म्हणते, "तुमचा नाइलाज होता." चार-पाच वेगळ्या प्रसंगांत शब्द कानावर आला की तो मुलाचा होतो. एका सकाळी मैदानातून ओरडा ऐकू आला, "बाईंची चाहूल लागली रे!" त्या दिवशी मला फार आनंद झाला.

एकच पुस्तक मी निदान तीन दिवस वाचते. मोठ्यांना वाटतं मुलं कंटाळतील. पहिल्या दिवशी मुलांचं सगळं लक्ष पुढं काय होणार याकडे असतं. शेवट कळल्यावर दुसऱ्या दिवशी ती 'का'कडे वळतात. तिसऱ्या दिवशी मी वाक्य अर्धं सोडते आणि ती पूर्ण करतात, अगदी पुस्तकाच्या भाषेत. मग गोष्ट त्यांनी सांगायची आणि मी ऐकायचं. १९८०च्या दशकात ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संवादी वाचनाची जी पद्धत अभ्यासली तिचा गाभा हाच : हळूहळू सांगणारं मूल व्हावं आणि ऐकणारं मोठं माणूस. चिमणीचं घर मेणाचं आणि कावळ्याचं शेणाचं, ही गोष्ट तिसऱ्यांदा चालू असताना दुसरीतल्या एका मुलानं विचारलं, "बाई, मग उन्हाळ्यात चिमणी कुठं जायची?" मेण उन्हानं वितळतं हे त्याला मधाच्या पोळ्यामुळे ठाऊक. पावसात कावळा दारात आला तेव्हा चिमणीनं दार उघडलं नाही, तर उन्हाळ्यात कावळा तिला घरात घेईल का, यावर वर्ग बराच वेळ भांडला. पहिल्या वाचनात हा प्रश्न येणं शक्यच नव्हतं.

माझं एक ठाम मत आहे आणि ते अनेक सहकाऱ्यांना आवडत नाही. परिपाठात बोधकथा झाली की आपण विचारतो, "तात्पर्य काय?" आणि मुलं एका सुरात सांगतात, खरे बोलावे, एकीने राहावे. हे उत्तर गोष्ट न ऐकताही देता येतं. मुलांना लवकरच कळतं की गोष्टीत काय घडलं याला महत्त्व नाही, शेवटी एक ठरलेलं वाक्य म्हणायचंय. म्हातारी वाघाशी खोटं बोलली. मग तिचं तात्पर्य काय काढणार? आमच्या वर्गात यावर दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, खाणाऱ्याशी खोटं बोललं तर चालतं. दुसरीकडून एक मुलगा म्हणाला, पण तिनं शब्द दिला होता. मी निकाल दिला नाही. दोन्ही बाजूंना गोष्टीतले पुरावे द्यावे लागत होते, आणि मला तेवढंच हवं होतं.

समज आणि माहिती यांचं नातंही विसरता येत नाही. १९८८ साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी अमेरिकी मुलांना बेसबॉलच्या सामन्यावरचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्च्या पण बेसबॉल जाणणाऱ्या मुलांना, वाचनात पक्क्या पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा उतारा जास्त चांगला समजला. शेळ्या राखणाऱ्या पोराला शेळीच्या गोष्टीतलं सगळं कळतं आणि आगबोटीच्या गोष्टीत तो हरवतो, हे आम्ही रोज बघतो. म्हणून पुस्तकं दोन्ही तऱ्हांची लागतात. माधुरी पुरंदऱ्यांच्या पुस्तकांतली घरं, माणसं, भावंडं मुलांना आपली वाटतात, कारण त्यांतलं मूल खरोखरच्या मुलासारखं वागतं. आणि त्याच आठवड्यात मी समुद्रावरचं, बर्फावरचं काहीतरी वाचते. शेळ्यांबरोबर डोंगर चढणाऱ्या मुलालाही देवमासा कळायला हवा.

चौथीला मोठ्यानं वाचून दाखवणं बहुतेक शाळांत बंद होतं; मुलांना आता वाचता येतं, असं म्हणून. मला हे फार नुकसानीचं वाटतं. 'असर'च्या २०२४च्या ग्रामीण पाहणीत देशभरातल्या सरकारी शाळांतली तिसरीची २३.४ टक्केच मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. म्हणजे चौथीत येणाऱ्या कितीतरी मुलांना स्वतः वाचून मोठी गोष्ट अजून पेलत नसते. त्यांना ऐकायलाही मिळाली नाही तर त्यांची समज पहिलीच्या तक्त्यापाशी अडकते. तिसरी-चौथीला मी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचते, रोज थोडा थोडा. फुरसुंगीचा हा किडकिडीत मुलगा, त्याची सायकल, त्याचं ते 'ट्टॉक', सगळं वर्गाला इतकं आवडतं की खो-खोतही 'ट्टॉक' ऐकू येतं. वसतिगृह काय, पुण्यात रस्ते कसे, हे आधी बोलून घ्यावं लागतं. आणि मी जाणूनबुजून ऐन संकटात पुस्तक मिटते, टेबलावर ठेवते आणि ऑफिसात जाते. येते तेव्हा चार-पाच जण त्यावर वाकलेले असतात. अडखळत वाचतात, एकमेकांना शब्द सांगतात. वर्गातलं सर्वांत सावकाश वाचणारं पोरही त्यात असतं, कारण पुढचं पान काय म्हणू शकेल याचा अर्धा अंदाज त्याला ऐकूनच आलेला असतो.

जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत कार्यक्रमाचं उद्दिष्टच तिसरीपर्यंत प्रत्येक मुलानं समजून वाचावं असं आहे. तपासायला येणाऱ्यांना माझी एवढीच विनंती असते : मुलाकडून उतारा वाचून घ्याच, पण शेजारी बसून त्याला एक गोष्ट वाचूनही दाखवा, एक 'का' विचारा आणि थांबा. त्या गुणाकारातला कुठला आकडा कमी पडतोय ते लगेच कळेल. अक्षरं कच्ची असतील तर उपाय वेगळा, भाषा कच्ची असेल तर वेगळा. दोघांनाही एकच तक्ता पुन्हा म्हणायला लावून काही होत नाही.

पुस्तकं कुठून आणता, हे मला केंद्राच्या बैठकीत नेहमी विचारतात. शाळेच्या पेटीत असतात ती आधी बाहेर काढा आणि दोरीवर, मुलांच्या हाताला येतील अशी लावा. फाटली तर चिकटवता येतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात; तिसरी-चौथीसाठी त्यात खूप आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रगोष्टी मोफत उतरवून घेता येतात. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं विकत घ्यावी लागतात, पण वर्गणी काढून घ्यावीत इतकी चांगली आहेत. उतरवलेली गोष्ट मोबाईलवरून वाचू नका, मागच्या रांगेला चित्र दिसत नाही. मी तालुक्याला गेले की पानं मोठ्या आकारात छापून आणते आणि जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर चिकटवते. कामासाठी बाहेरगावी निघालेल्या घरातल्या मुलांना त्यातलीच दोन पुस्तकं दप्तरात देते. आईला वाचता येत नसेल तर मूलच तिला वाचून दाखवतं किंवा चित्रावरून सांगतं, आणि मी आईला बजावून ठेवलेलं असतं, ऐकताना मध्ये मध्ये विचार, "मग? असं का केलं त्यानं?"